पोचल्याचा निरोप

सोमवार, २ मार्च

डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला सांगितली आहे. रोज केव्हा धडधडलं, तेव्हा डोक्यात काय होतं आणि दहापैकी किती. मी विचारलं, दहापैकी किती काय? तर म्हणाल्या, भीती. शाळेत गणितात मला कधी दहापैकी चारच्या वर मिळाले नाहीत. इथे पहिल्याच दिवशी नऊ.

त्यांच्याकडे कशी गेले ते आधी लिहून टाकते. मी रोपवाटिकेत बावीस वर्षं कलमं लावते. गेल्या महिन्यात काचघरात उभी होते. सकाळचा फवारा नुकताच बंद झाला होता आणि टेबलांवर धुकं रेंगाळत होतं. ऊन अडावं म्हणून काचांना चुना लावलेला असतो, त्यामुळे आतला उजेड दुधासारखा असतो, आणि त्यात उभं राहिलं की आपण जागे आहोत की नाही ते नीट कळत नाही. मला ती वेळ फार आवडते. मी ह्यांना दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा उचलला नाही. एवढंच झालं. हातातली कात्री पडली, बोटं बधिर झाली, श्वास अर्ध्यावर अडकला आणि मला वाटलं, संपलं सगळं. हॉस्पिटलात ईसीजी काढला, रक्त तपासलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी हसत सांगितलं की हृदय ठणठणीत आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून खट्टू झालेली मी एकटीच असेन.

हे तेव्हा न्हाव्याकडे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. फोन कोटात, कोट खुंटीला.

मंगळवार, ३ मार्च

आमच्या घरचा एक नियम आहे, तो वहीत असायला हवा. बाहेर गेलेल्यानं पोचल्यावर कळवायचं. हे रोज कळवतात, पण विसरभोळे, कधी दहा मिनिटं उशीर, कधी वीस, आणि तेवढ्यात मी ह्यांना तीन वेगवेगळ्या गाड्यांखाली घालून मोकळी होते. आई म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणायची आणि दारात उभी राहून तेच चिंतायची.

आमची ठकी मात्र बापावर गेलेली नाही. वय सव्वीस, विम्याच्या ऑफिसात काम. रोज नऊ वीसला तिचा निरोप येतो, ‘पोचले. सगळं ठीक.’ एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मागे पुलावर ट्रक उलटून अर्धं शहर दुपारपर्यंत अडकून पडलं होतं, त्या दिवशीसुद्धा माझी लेक नऊ वीसला पोचली. असं शहाणं पोर नशिबानं मिळतं. सकाळी खात नाही तेवढंच, घास तोंडात घोळवत बसते. हल्लीच्या मुलींना बारीक व्हायचं वेड असतं.

आजची भीती सहा. कारण आठवत नाही.

सोमवार, ९ मार्च

आज मी आणि हे, दोघांना बोलावलं होतं. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि खिडकीला फिकट निळा पडदा. वारा आला की तो फुगतो आणि हळूच खाली बसतो. बाई बोलत असताना मी बराच वेळ पडद्याकडेच बघत होते, आणि माझा श्वास त्याच्यासारखा चालायला लागला होता.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. चिंतेचा विकार. मी म्हटलं, अहो, काळजी करणं हा आमच्याकडचा स्वभाव आहे. त्या म्हणाल्या, काळजी सगळेच करतात. पण काळजीनं तुमची झोप खाल्ली, काम खाल्लं, तुम्हाला हॉस्पिटलात नेलं. याला आजार म्हणायचं, आणि आजार म्हटलं की उपचार असतात. मला ते ऐकून बरं का वाटलं ते कळलं नाही. इतकी वर्षं लोक मला ‘उगाच घाबरते’ म्हणत होते. कुणी ‘खरंच घाबरते’ म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारण्याबद्दल सांगितलं. मी दिवसातून किती वेळा ‘ठीक आहे ना’ असं विचारते ते मोजायला लावलं होतं. एकेचाळीस. त्या म्हणाल्या, खरूज खाजवली की घटकाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट खाज सुटते, तसं आहे हे. उत्तर मिळालं की तुमच्या मेंदूला वाटतं, बरं झालं विचारलं, म्हणून वाचलो. यापुढे मी विचारायचं नाही. विचारलंच, तर ह्यांनी धीर द्यायचा नाही. ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं.

शिवाय एक बारकी गोळी. ती लागू पडायला चारेक आठवडे लागतील म्हणाल्या.

निघताना त्यांनी विचारलं, तुमची आई अशी होती, तुम्ही अशा; मुलगी कशी आहे? मी सांगितलं, ती अगदी थंड आहे. तिला कशाचं काही वाटत नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

शनिवार, १४ मार्च

गोळीच्या खोक्यातला कागद वाचू नका असं सांगितलं होतं. वाचला. त्यात लिहिलेल्यांपैकी सात त्रास संध्याकाळपर्यंत मला झाले. गोळी अजून घ्यायची होती.

ह्यांना तर आयतं कोलीत मिळालं आहे. मी विचारलं, पाऊस पडेल का? माहीत नाही. आमटीत मीठ बरोबर आहे? माहीत नाही. माझा चष्मा कुठे ठेवलात? माहीत नाही. शेवटी मी विचारलं, तुम्ही माझे नवरे आहात ना? तेव्हा जरा विचार करून म्हणाले, हे मात्र माहीत आहे. मी फार दिवसांनी पोट धरून हसले. वहीत हेही लिहायचं की नाही, ते बाईंनी सांगितलेलं नाही.

पण दुपारी मामेभावाचा फोन लागेना, तेव्हा मी ह्यांच्यामागे लागले आणि हे तसेच म्हणाले, माहीत नाही. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. हे बाहेर उभे होते. त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. भीती आठ, राग दहा.

सोमवार, २३ मार्च

कामावर एक नवी बाई आली आहे. शेवंतीच्या फांद्या छाटून ट्रेमध्ये खोचायला शिकवल्याला आठवडा झाला. आज बघते तर बया एकेक कलम उपटून खाली मुळं फुटलीत का ते बघते आहे आणि पुन्हा खोचते आहे. रोज बघते म्हणे. तरीच त्या ट्रेमधली अर्धी माना टाकून बसली होती. मी तिला चांगलीच झापली. म्हटलं, बाई गं, तू अशी रोज उपटत राहिलीस तर त्यांनी मुळं धरायची कधी? पाणी दे, सावली दे आणि हात मागे घे. ती म्हणाली, पण मग कळणार कसं? मी म्हटलं, नवीन पान फुटलं की कळतं. तोवर कळत नाही. इतकं साधं लोकांना सांगावं लागतं.

तिला झापण्याच्या नादात ठकीला फोन करायचा राहिला. आठवल्यावर लगेच तीनदा केला. नियम मोडला, लिहून ठेवते.

गुरुवार, २ एप्रिल

बाईंनी काळजीला वेळ नेमून दिली आहे. दुपारी चार ते चार वीस. बाकी वेळी काळजी आली की तिला सांगायचं, चारला ये. मला हा पोरखेळ वाटला होता.

चारला काचघरात पालथ्या क्रेटवर बसते. त्या वेळी ऊन तिरकं येतं आणि चुन्याच्या काचा पिवळसर होतात. पानांवरून थेंब पडत असतात, एक इथे, एक लांब तिथे, आणि दोन थेंबांच्या मध्ये इतकी शांतता असते की त्यात पाय सोडून बसावं. मी काळजी करायला बसते आणि काळजीच येत नाही. बोलावलेलं मांजर कधी येतं का? आज बसल्या जागी डोळा लागला. स्वप्नात मी एका लांबलचक टेबलाच्या कडेनं चालत होते आणि टेबलावरच्या प्रत्येक कुंडीतून एकेक टेलिफोन उगवला होता. एकही वाजत नव्हता. मी सगळ्यांना पाणी घालत गेले. जागी झाले तेव्हा भीती दोन. दोन मी याआधी लिहिलेलंच नाही. गोळी असेल.

गुरुवारी पुढचा धडाही असतो. नऊ ते अकरा फोन बघायचा नाही. मी तो रिकाम्या कुंडीखाली पालथा झाकून ठेवते. सव्वानऊला पाचावर धारण बसते, साडेनऊला नऊ, दहाला सात, साडेदहाला चार. काहीही न करता खाली येते. मी काहीच केलं नव्हतं, हे मला खरं वाटेना म्हणून दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

शुक्रवार, १० एप्रिल

आज सकाळी एका दवाखान्याच्या दारात कुंड्या पोचवायच्या होत्या. टेम्पोत मी पुढे बसले होते. तळ्याच्या कडेनं जाताना सिग्नलला थांबलो. पाण्यावर धूर उठावा तसं धुकं होतं, काठावर बाक, आणि एका बाकावर आमची ठकी बसलेली.

तिचं ऑफिस तिथून अर्ध्या तासावर आहे. ती एकटी होती. एक हात छातीवर, डोळे मिटलेले, गाल ओले. मग तिनं डोळे न उघडताच पिशवीतून फोन काढला आणि एका अंगठ्यानं काहीतरी केलं. मी न बघता देठ छाटते तसं. माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. ‘पोचले. सगळं ठीक.’

नऊ वीस झाले होते.

मी उतरले नाही. सिग्नल सुटला. आकडा लिहिता येत नाही.

शनिवार, ११ एप्रिल

ह्यांना सकाळीच पकडलं. ह्यांनी आधी कानांवर हात ठेवले, मग हे खाली बसले आणि सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी ह्यांनीच तिला सुचवलं होतं, म्हणे, की रोज ठरलेल्या वेळेला पाठवून टाकत जा, कुठेही असलीस तरी. तेवढाच तुझ्या आईच्या जिवात जीव. म्हणजे चार वर्षं रोज माझा जीव जो भांड्यात पडत होता, ते भांडं रिकामंच होतं. नाव ठकी ठेवलं तर ठकवणारच. हे म्हणाले, अगं, ती न पोचताच पोचलेली आहे. मला हसू आलं नाही.

मग दुसरी गोष्ट बाहेर आली. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. दोन दिवसांचा प्रवास, चांगलं काम. पत्र येऊन तीन आठवडे झाले. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आणि ती नाही म्हणणार आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

“तुला काही सांगितलं की आधी तुलाच सांभाळावं लागतं गं,” हे म्हणाले. “तिला काय होतंय, ते राहूनच जातं.”

बावीस वर्षांत मी कामावरून परत आल्यावर अंघोळीला इतका वेळ कधी लावला नव्हता. आज लावला.

सोमवार, १३ एप्रिल

बाईंना सगळं सांगितलं. तिला तिथे काही होणार नाही ना, असंही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते रागावण्यासारखं वाटलं नाही.

त्यांनी विचारलं, तुम्हाला नक्की काय हवं आहे? मुलगी सुखरूप हवी, हे उत्तर तोंडावर होतं. पण पडदा फुगला, खाली बसला, आणि मी म्हटलं, ती रडेल तेव्हा मला सांगू शकली पाहिजे. मला एवढंच हवं आहे. हे बोलल्यावर मी स्वतःच रडले. त्यांनी कागदी रुमालांचा डबा सरकवला आणि घाई केली नाही.

रविवार, १९ एप्रिल

गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या. ओल्या चादरींच्या मधून चाललं की चारी बाजूंनी पांढरं असतं आणि रस्त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. एका चादरीची दोन टोकं मी धरली, दोन ठकीनं. घडी घालताना आम्ही जवळ येत होतो, पुन्हा लांब जात होतो.

मी चार दिवस वाक्यं पाठ केली होती.

“मी तुला तळ्याकाठी पाहिलं,” मी म्हटलं. “यापुढे पोचले म्हणून कळवू नकोस. आणि पत्राचंही मला माहीत आहे. तुझ्या मनात असेल तर जा.”

“आणि तू?”

“मला भीती वाटेल. दहापैकी दहा. ती माझी आहे, मी बघीन.”

तिनं घडीवर घडी घातली. मग हसून म्हणाली, तळ्याकाठी उन्हात बसले होते जरा, ऑफिसात एसी फार असतो. त्या दिवशी ऊन नव्हतं, धुकं होतं. मी पाहिलं होतं. ओठांवर आलं होतं, की रडत का होतीस? विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं आणखी एक खोटं सांगितलं असतं, आणि ते मलाच हवं होतं म्हणून सांगितलं असतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

पत्राला तिनं संध्याकाळी होकार पाठवला. हे सांगायला मात्र ती स्वतः माझ्याकडे आली.

रविवार, ३ मे

ठकी गेली. ह्यांनी पिशव्या चढवल्या. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि जपून जा म्हणायच्या ऐवजी, जा, एवढंच म्हटलं. जीभ चावावी लागली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी हात हलवत होते. शेजारी उभा असलेला हमाल म्हणाला, बाई, गेली ती. मी म्हटलं, हो, माहीत आहे.

मंगळवार, ५ मे

आज सकाळी पोचली असेल. किंवा नसेल. निरोप नाही, आणि तसंच ठरलं होतं.

काचघरात दिवसभर कलमं खोचली. फवारा सुरू झाला आणि मी धुक्यात उभी राहिले. भीती आली, आधी पोटात, मग छातीत, मग बोटांच्या टोकांपर्यंत. मी तिला येऊ दिलं. नऊ. आठ. एक ट्रे भरला. सात. नव्या बाईनं चहा आणून ठेवला. सहा. आत सगळं पांढरं होतं आणि मी त्यात तरंगत असल्यासारखी होते. घाबरलेली होते, तरी हात चुकत नव्हते. हे घरून मला बघायला रोपवाटिकेत आले. माझ्यासाठी आले असं म्हणाले नाहीत, कढीपत्त्याचं रोप हवं होतं म्हणाले. आमच्या घरी कढीपत्त्याची दोन रोपं आहेत. मी त्यांना तिसरं दिलं.

शनिवार, ९ मे

दुपारी अडीचला फोन वाजला. रविवारपासून पहिल्यांदा. मी जेवून ओटा पुसत होते. ठकीच होती. एरवी तिचं पहिलं वाक्य ‘सगळं ठीक आहे’ हेच असतं. आज काहीच बोलली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, तुटक, मला चांगला ओळखीचा.

“आई, मला फार भीती वाटतेय गं,” ती म्हणाली. “इथे आल्यामुळे नाही. तिकडेही वाटायची, रोज सकाळी. मी तुला सांगितलं नाही.”

माझा हात ओट्यावर तसाच राहिला. काही होत नाही, असं म्हणायला बावन्न वर्षांची सवय तोंडात उभी होती. मी ती गिळली.

“बरं झालं सांगितलंस,” मी म्हटलं. “वाटू दे. मी कुठे जात नाही. सांग.”

ती सांगत गेली. बाकाबद्दल, घशाखाली न उतरणाऱ्या घासांबद्दल, लिफ्टमध्ये गुदमरायचं त्याबद्दल, ऑफिसच्या बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारून हसत बाहेर यायची त्याबद्दल. कितीतरी वर्षांचं होतं. मध्ये रडली, मी रडू दिलं. मीही रडत होते, पण फोन लांब धरून नाही. हे दारात येऊन खुणेनं विचारत होते, काय झालं? मी हात हलवून त्यांना बसायला सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, आई, हे बरं होतं का? मी म्हटलं, माझं पुरतं झालेलं नाही. पण मी आता तुझं ऐकू शकते आहे, एवढं झालंय. तुझ्याही गावात कुणी डॉक्टर असतील, शोधशील का? ती हो म्हणाली. मग एक तास दहा मिनिटांनी म्हणाली, आई, भूक लागली, काहीतरी खाते.

फोन ठेवल्यावर मी ह्यांना सांगितलं की आपली लेक खूप घाबरलेली आहे. सांगताना माझा चेहरा कसा दिसला असेल कोण जाणे, कारण हे म्हणाले, मग तू हसतेस का?